एका पेटीतले चौदा सर्व्हर : आभासीकरणाच्या नियोजनाविषयी अनुभवाचे बोल

सर्व्हरचे आभासीकरण, म्हणजे व्यवहारात ज्याला सर्रास व्हर्च्युअलायझेशन म्हटले जाते ते तंत्र, ही एका भौतिक यंत्राची साधने अनेक स्वतंत्र यंत्रांत वाटून देण्याची पद्धत आहे. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क ही खरी साधने एकीकडे आणि त्यांच्या जोरावर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीम दुसरीकडे, यांच्या मधोमध हायपरव्हायजर नावाचा सॉफ्टवेअरचा एक थर बसतो आणि तो प्रत्येक सिस्टीमला असे भासवतो, की समोरचे यंत्र तिच्या एकटीच्या मालकीचे आहे. ज्या खऱ्या यंत्रावर हा थर बसवलेला असतो त्याला होस्ट म्हणतात आणि त्याच्या पोटात चालणाऱ्या प्रत्येक भासमान यंत्राला व्हर्च्युअल मशीन, संक्षेपाने व्हीएम. व्हीएम हे अखेर काही फाइलींचे गाठोडे असते: एक फाइल त्याच्या रचनेची, एक वा अनेक त्याच्या डिस्कच्या. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी लागते, कारण या तंत्राचे जवळजवळ सगळे फायदे आणि सगळे धोके तिच्यातूनच निघतात. फाइल हलवता येते, तिची प्रत काढता येते, तशीच ती पुसता येते, चोरता येते आणि खंडणीसाठी कुलूपबंदही करता येते.

ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने मोठ्या संगणकांसाठी ती १९६०च्या दशकात विकसित केली आणि १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणली. पुढे १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी अशा व्यवस्थेच्या तीन कसोट्या मांडल्या: व्हीएममधला प्रोग्राम खऱ्या यंत्रावर चालावा तसाच चालला पाहिजे, सर्व साधनांवर नियंत्रण मधल्या थराचेच असले पाहिजे आणि बहुतेक सूचना प्रोसेसरने थेट, अडथळ्याविना पार पाडल्या पाहिजेत. स्वस्त सर्व्हरमध्ये वापरले जाणारे प्रोसेसर या कसोट्यांना मुळात उतरत नव्हते. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने सॉफ्टवेअरच्या युक्तीने ती उणीव भरून काढली, २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच सोय केली, २००७ मध्ये केव्हीएम लिनक्समध्ये सामील झाले, २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही आले आणि मग हे तंत्र मध्यम आकाराच्या कारखान्यांच्या आवाक्यात आले. तीन कसोट्यांपैकी दुसरी व्यवसायाच्या दृष्टीने सर्वांत दूरगामी ठरते: ज्याच्या हाती हायपरव्हायजर, त्याच्या हाती सारेच.

प्रस्तुत लेखनाला ज्या अनुभवाचा आधार आहे तो पुणे परिसरातल्या औद्योगिक वसाहतीतील, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यातला आहे, जिथल्या संगणक विभागाची जबाबदारी काही वर्षे प्रस्तुत लेखकाकडे होती. तिथे चौदा जुने सर्व्हर होते; त्यांतील काहींचे सुटे भाग मिळेनासे झाले होते, उन्हाळ्यात सर्व्हर रूमचा एसी त्यांची उष्णता पेलत नव्हता आणि बहुतेकांचा प्रोसेसर दिवसभर जेमतेम दहा टक्के राबत होता. चौदा यंत्रांच्या जागी प्रत्येकी १९२ जीबी मेमरीचे दोन होस्ट आणि एक सामाईक स्टोरेज बसवण्याचा निर्णय योग्यच होता आणि आजही तो योग्य वाटतो. चुकले ते नियोजन, आणि त्या चुकीचा मोठा वाटा प्रस्तुत लेखकाचा होता. यंत्रे किती लागतील याचा हिशेब काळजीपूर्वक मांडला गेला, परंतु कोणते यंत्र कोणत्या यंत्राच्या आधारावर उभे आहे, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

मोजमापाविषयी आधी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ ठिकाणी तिथेच पाय घसरतो. सरासरी वापर पाहून होस्टचा आकार ठरवणे म्हणजे ओढ्याची सरासरी खोली पाहून त्यात उतरण्यासारखे आहे. कारखान्याचे संगणक महिनाअखेरीला, पगारपत्रकाच्या दिवशी आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ज्या रीतीने धापा टाकतात तिचा मागमूस सरासरीत उरत नाही. म्हणून किमान एक पूर्ण महिना, महिनाअखेर धरून, मोजणी चालू ठेवावी लागते. शिवाय प्रोसेसर आणि मेमरीकडे सगळ्यांचे लक्ष असते, पण तुंबते ती बहुधा डिस्क. चौदा सर्व्हरच्या चौदा वेगळ्या डिस्क-संचांवर विखुरलेले वाचन-लेखन एकाच स्टोरेजवर येऊन आदळते, आणि रात्री अकराच्या ठोक्याला सर्वांचा बॅकअप एकदम सुरू होत असेल तर रात्रपाळीचा ईआरपी रांगत चालतो. यंत्र मंद वाटले की त्याला आणखी आभासी प्रोसेसर देण्याची सवयही घातकच असते, कारण त्या साऱ्यांना खऱ्या प्रोसेसरवर जागा मिळेपर्यंत व्हीएम रांगेत ताटकळते आणि वाढवलेले बळ त्याला उलट मंद करते.

क्षमतेचा खरा नियम सोपा आहे: एक होस्ट बंद पडल्यावर उरलेल्यांनी सर्व महत्त्वाचे काम सांभाळले पाहिजे. दोनच होस्ट असतील तर दोघांची मिळून ३८४ जीबी मेमरी ही भुलवणारी संख्या आहे. वापरण्याजोगी मेमरी १९२ जीबीच, आणि तिच्यातूनही हायपरव्हायजरचा स्वतःचा वाटा वजा करावा लागतो. वर सांगितलेल्या कारखान्यात पहिल्या दिवशी चौदा व्हीएमना मिळून सुमारे १५० जीबी दिलेली होती, म्हणजे हिशेब बरोबर होता. दीड वर्षाने व्हीएमची संख्या तेवीसवर आणि मेमरी २७० जीबीवर गेली. पूर्वी नवा सर्व्हर हवा असेल तर मागणीपत्र, कोटेशन आणि खरेदी विभागाची सही लागत असे. ती कटकट वाटे, पण ती एक वेसणही होती. व्हीएम दहा मिनिटांत तयार होते, त्याला कोणाची सही लागत नाही, आणि ‘जरा चाचणीपुरते’ म्हणून जन्मलेले यंत्र कोणी बंद करत नाही. प्रत्येक व्हीएमच्या नोंदीत मागणाऱ्या माणसाचे नाव, कारण आणि मुदत लिहिण्याचा साधा दंडक पहिल्या दिवसापासून पाळला असता, तर त्या तेवीसांतील निदान सहा यंत्रे तिथे नसती.

मुख्य घटना एका गुरुवारी घडली. त्या वसाहतीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते आणि वीजवाहिन्यांची देखभाल, पॅनेलची दुरुस्ती ही कामे त्याच दिवशी उरकली जातात. त्या दिवशी मुख्य वीजपुरवठा बंद होता आणि जनरेटरचा पॅनेलही दुरुस्तीसाठी उघडलेला होता, ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू आहेत हे कोणाच्याच ध्यानी आले नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या चार वर्षांच्या होत्या. त्या संपल्या आणि दोन्ही होस्ट व स्टोरेज क्षणात काळवंडले. वास्तविक वीज जाताच सर्व्हर शिस्तीत बंद करणारे सॉफ्टवेअर कारखान्यात होते. मात्र जुन्या सर्व्हरचे व्हीएममध्ये स्थलांतर करताना ते त्या सर्व्हरसोबतच व्हीएमच्या आत गेले होते, आणि इमानाने त्याने फक्त तेवढे एक व्हीएम शिस्तीत बंद केले.

संध्याकाळी वीज आली, होस्ट सुरू झाले, पण एकही व्हीएम उठले नाही. कारण शोधता शोधता एक वर्तुळ उलगडत गेले. होस्टना स्टोरेज जोडलेले होते ते त्याच्या नावाने, आकड्यांच्या पत्त्याने नव्हे. नावाचा पत्ता सांगण्याचे काम करणारा डीएनएस सर्व्हर हे स्वतः एक व्हीएम होते. आणि त्या व्हीएमच्या फाइली त्याच स्टोरेजवर होत्या, जे नाव कळल्याशिवाय जोडले जात नव्हते. होस्टवर लॉगिन करून ही गाठ सोडवावी म्हटले, तर सोयीसाठी होस्ट डोमेनला जोडलेले होते, म्हणजे लॉगिनची खातरजमा करणारा डोमेन कंट्रोलरही न उठलेल्या व्हीएमपैकीच एक होता. होस्टच्या मूळ खात्याचा, म्हणजे रूटचा, पासवर्ड फाइल सर्व्हरवरच्या एका कुलूपबंद शीटमध्ये नोंदवलेला होता, आणि फाइल सर्व्हर हेही व्हीएमच. घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घ्यावे, तसे हे झाले होते.

रात्री साडेनऊच्या सुमारास कोणाला तरी आठवले, की खरेदीच्या फाइलमध्ये बिलाच्या मागे, यंत्रणा बसवून देणाऱ्या अभियंत्याचे हस्तांतरण-पत्र टाचलेले आहे. ती फाइल हिशेब विभागाच्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली लेखापालांच्या घरी, तळेगावला. किल्ली आली, पत्र निघाले, त्यावर शाईने लिहिलेला पासवर्ड टाकला आणि तो चालला. होस्टच्या नाव-पत्त्यांच्या फाइलीत स्टोरेजच्या पत्त्याची एक ओळ लिहिताच स्टोरेज जोडले गेले, मग डोमेन कंट्रोलर, मग डेटाबेस, मग ईआरपी असे एकेक उठवत पहाट झाली. हिशेबाच्या एका जुन्या सॉफ्टवेअरची परवान्याची यूएसबी डाँगल नेमकी दुसऱ्या होस्टला लावलेली होती, त्यामुळे ते सॉफ्टवेअर शेवटपर्यंत कुरकुरत राहिले. सकाळच्या पाळीचे लोक हजेरीच्या यंत्रासमोर उभे असताना त्याचा सर्व्हर सुरू झाला.

कारखाना वाचला तो एका चुकीमुळे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. बसवणाऱ्याने दिलेला पासवर्ड दीड वर्ष बदलला गेला नव्हता आणि तो एका न जपलेल्या कपाटात कागदावर पडून होता. त्या रात्री तो तारणहार ठरला, पण एरवी तोच कागद कोणाच्याही हाती सगळा कारखाना सोपवायला पुरेसा होता. म्हणून यातून जो उपाय निघतो तो दुहेरी आहे. रूटचा पासवर्ड बदललेला, लांबलचक आणि फक्त आणीबाणीत वापरायचा असावा, तो मोहोरबंद पाकिटात तिजोरीत असावा, आणि पाकीट उघडले की नवा पासवर्ड करून नवे पाकीट ठेवले जावे. किमान एक डोमेन कंट्रोलर आणि डीएनएस या आभासी व्यवस्थेच्या बाहेर, मग ते एखादे लहानसे यंत्र का असेना, चालू राहावे. दोन्ही कंट्रोलर आभासीच ठेवायचे असतील तर ते वेगळ्या होस्टवर आणि शक्य तर वेगळ्या डिस्कवर ठेवावेत, आणि दोघांनी एकत्र येऊ नये असा नियम हायपरव्हायजरला सांगून ठेवावा. स्टोरेज आकड्यांच्या पत्त्याने जोडावे. वीज गेल्यावर बंद करण्याचे सॉफ्टवेअर होस्टशी बोलणारे असावे, त्याला आधी व्हीएम आणि मग होस्ट हा क्रम ठाऊक असावा, आणि होस्ट बंद पडल्यास कोणते व्हीएम प्रथम उठवायचे याचा अग्रक्रमही ठरवलेला असावा, नाहीतर डेटाबेस ताटकळतो आणि चाचणीचे यंत्र आधी उठते.

या सर्वांच्या मुळाशी असलेला अवलंबित्वाचा नकाशा काढायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. एका मोठ्या कागदावर प्रत्येक व्हीएमसाठी एक चौकोन काढावा, ‘हे यंत्र उठण्यासाठी आधी कोण जागे हवे’ हा एकच प्रश्न विचारून बाण काढत जावे, आणि बाणांचा पाठलाग करताना ज्या चौकोनातून निघालो तिथेच परत आलो तर ते वर्तुळ आजच तोडावे. खऱ्या यंत्रांच्या काळात ही अवलंबित्वे होतीच, पण सर्व सर्व्हर एकदम बंद पडण्याचा प्रसंग विरळा असल्याने ती उघडी पडत नसत. आभासीकरणाने यंत्रे कमी होतात, बाण कमी होत नाहीत.

स्नॅपशॉट हा दुसरा खड्डा. एखादा बदल करण्यापूर्वी व्हीएमची तत्क्षणीची अवस्था जपून ठेवण्याच्या या सोयीत मूळ डिस्कची फाइल गोठवली जाते आणि त्यापुढचे सारे लेखन वेगळ्या फाइलीत साठत जाते. ती फाइल वाढत वाढत मूळ डिस्कएवढी होऊ शकते. स्नॅपशॉट ७२ तासांहून अधिक काळ ठेवू नये असे व्हीएमवेअरचेच मार्गदर्शन आहे. त्या कारखान्यात ईआरपीच्या सुधारणेआधी घेतलेला एक स्नॅपशॉट पाच महिने तसाच राहिला, त्याने स्टोरेजची मोकळी जागा गिळली आणि जागा संपताच त्या स्टोरेजवरची सगळी लिहिती व्हीएम जागच्या जागी थांबली. डिस्कची जागा लागेल तशी देण्याची पद्धत वापरात असेल तर हा धोका दुणावतो, कारण कागदावर वाटलेली जागा प्रत्यक्षातल्या जागेपेक्षा अधिक असते. स्नॅपशॉटला बॅकअप समजणे तर सर्वस्वी चूक आहे, कारण मूळ फाइल गेली की तोही निरर्थक होतो.

सुरक्षेकडे वळताना पोपेक-गोल्डबर्ग यांची दुसरी कसोटी पुन्हा आठवावी लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘ईएसएक्सआय-आर्ग्ज’ या नावाने ओळखल्या गेलेल्या खंडणीखोर हल्ल्याने व्हीएमवेअरचा ईएसएक्सआय हा हायपरव्हायजर चालवणाऱ्या जगभरातील हजारो होस्टवरच्या व्हीएमच्या फाइली कुलूपबंद केल्या. ज्या त्रुटीचा संबंध त्याच्याशी जोडला गेला तिच्यावरचा पॅच दोन वर्षांपूर्वीच, फेब्रुवारी २०२१ मध्ये, उपलब्ध झाला होता. हल्लेखोराला एकेक सर्व्हर फोडावा लागला नाही. पेटी फोडली की आतले सारे आपसूक हाती आले. पुढे जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने उघड केलेली त्रुटी तर होस्ट डोमेनला जोडण्याच्या सवयीवरच बोट ठेवणारी होती: डोमेनमध्ये ‘ईएसएक्स ॲडमिन्स’ अशा नावाचा गट तयार केला, की त्यातल्या सदस्यांना होस्टवर पूर्ण अधिकार मिळत. मार्च २०२५ मध्ये व्हीएमच्या आतून होस्टमध्ये शिरण्यासाठी प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या त्रुटींवरही पॅच काढावे लागले. तेव्हा होस्टचे व्यवस्थापन करणारे नेटवर्क कारखान्याच्या सर्वसाधारण नेटवर्कपासून वेगळे असावे, त्याचा दरवाजा इंटरनेटवर कदापि उघडू नये, तिथे जाण्याचा मार्ग एकाच ठरावीक यंत्रातून आणि दुहेरी ओळखीने असावा, होस्टचे अधिकार डोमेनच्या अधिकारांपासून तोडलेले असावेत आणि न लागणाऱ्या सेवा बंद असाव्यात.

पॅच मात्र का लांबतात, याचे उत्तर क्षमतेच्या हिशेबात दडलेले आहे. होस्टला पॅच लावायचा म्हणजे तो पुन्हा सुरू करणे आले, आणि त्यासाठी त्यावरची व्हीएम चालू स्थितीतच दुसऱ्या होस्टवर सरकवावी लागतात. दुसरा होस्ट मोकळा असेल तर हे काम भर दिवसा, कोणाला न कळता होते. तो भरलेला असेल तर सगळ्या विभागांकडे बंद ठेवण्याची वेळ मागावी लागते, ती मिळत नाही, आणि पॅच पुढच्या महिन्यावर जातो. २७० जीबी वाटून बसलेल्या त्या कारखान्यात नेमके हेच वर्षभर चालले होते. क्षमतेचा प्रश्न खर्चाचा आणि सुरक्षेचा प्रश्न तंत्राचा, अशी जी विभागणी बैठकींत केली जाते ती म्हणूनच खोटी आहे. गच्च भरलेला होस्ट हा जवळजवळ नेहमी पॅच न लागलेला होस्ट असतो, आणि तिसऱ्या होस्टची मागणी व्यवस्थापनापुढे ठेवताना हीच गोष्ट स्पष्ट शब्दांत मांडावी.

बॅकअपच्या बाबतीत तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दूर अन्यत्र, हा परिचित नियम पुरेसा आहे, फक्त त्यात एक भर हवी: बॅकअपचा सर्व्हर त्या आभासी व्यवस्थेत नसावा, डोमेनचा सदस्य नसावा, आणि एक प्रत अशी असावी जी ठरावीक मुदतीपर्यंत व्यवस्थापकालाही पुसता येणार नाही. डोमेन कंट्रोलर आणि डेटाबेस यांच्या बाबतीत फाइलींची प्रत पुरत नाही. त्या त्या सॉफ्टवेअरला सावध करून, त्याचे लेखन स्थिरावल्यावर घेतलेली प्रत लागते. घड्याळाचीही काळजी घ्यावी, कारण व्हीएमची वेळ होस्टच्या ताणाखाली सरकते, आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या घड्याळांच्या नोंदी तपासात निरुपयोगी ठरतात. भारतात सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशान्वये नोंदी १८० दिवस जपणे, यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणे आणि ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. यासाठी हायपरव्हायजरच्या नोंदी दुसऱ्या यंत्राकडे पाठवल्या पाहिजेत, कारण हल्ला झालेल्या होस्टवरच्या नोंदी हल्लेखोराच्याही हाती असतात.

परवान्यांविषयी थोडक्यात. विंडोज सर्व्हर २०१६ पासून परवाना कोअरच्या संख्येवर मोजला जातो, प्रत्येक सर्व्हरमागे किमान सोळा कोअर धरले जातात आणि स्टँडर्ड आवृत्तीचा एक संच दोन व्हीएमना पुरतो. व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर सरकणार असेल तर दोन्ही होस्टचा विचार करावा लागतो, हे खरेदीनंतर कळणे फार महाग पडते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ताब्यात घेतल्यावर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली, सारे वर्गणीवर गेले, आणि अनेक लहान-मध्यम उद्योगांना प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही असे पर्याय घाईने शोधावे लागले. कोणताही हायपरव्हायजर निवडताना त्यातून बाहेर पडायला किती दिवस आणि किती डिस्क लागेल, याचा अंदाज निवडीच्या टिपणातच लिहिलेला असावा.

त्या कारखान्यात पुढे तिसरा होस्ट आला आणि तिमाहीतून एका गुरुवारी सर्व यंत्रे बंद करून ठरल्या क्रमाने उठवण्याचा सराव सुरू झाला. उठवण्याचा क्रम लॅमिनेट केलेल्या एका कागदावर छापून रॅकच्या दाराला आतून चिकटवलेला असतो आणि शेजारी दोरीने पेन बांधलेले असते, कारण प्रत्येक सरावात कागदावरचे एखादे वाक्य चुकीचे निघते. पहिल्या सरावाला साडेसहा तास लागले, चौथ्याला एक तास पन्नास मिनिटे. त्याच दिवशी चिठ्ठी काढून एक व्हीएम निवडले जाते, बॅकअपमधून वेगळ्या जागी उभे केले जाते आणि त्यातले कालचे चलन उघडते की नाही हे हिशेब विभागातला माणूस स्वतः पाहून वहीत सही करतो. यूएसबी डाँगल अजूनही हाताने काढून लावावी लागते. कागदावर ती अकराव्या क्रमांकावर आहे.